वजन बेताचं, पण पोट पुढं: काळजी कशाची करायची?

वाचकाचं पत्र

माझं वय ४६, उंची १६८ सेंटीमीटर, वजन ६९ किलो. शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत सुपरवायझर आहे. तीन आठवड्यांतला एक आठवडा रात्रपाळी असते. हातपाय सडपातळ आहेत, पण गेल्या काही वर्षांत पोट सुटलंय. पँट ३६ नंबरची लागते. दारू नाही, तंबाखू नाही. तरीही कंपनीच्या तपासणीत सोनोग्राफीत ग्रेड १ फॅटी लिव्हर निघालं. ट्रायग्लिसराइड २१२, एचडीएल ३६, उपाशीपोटी साखर १०९, एसजीओटी ३८, एसजीपीटी ६१, प्लेटलेट २ लाख ४० हजार. आईला मधुमेह आहे. रोज शंभर क्रंचेस मारतो, सकाळी कोमट पाण्यात मध-लिंबू घेतो, ऑनलाइन मागवलेला पट्टा पोटाला बांधतो. दिवसाला पाच चहा होतात, पण साखर सोडून गूळ घालतो. पूर्वी तालमीत जायचो, त्यामुळं म्हशीचं अर्धा लिटर दूध अजून चालू आहे. वजन तर फार नाही, मग काळजी करायची का? मटण बंद करू का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर

नमस्कार. घाबरू नका, पण ही गोष्ट पुढच्या वर्षावर ढकलूही नका. तुमच्या पत्रातलं ६९ किलो हे वजन बाजूला ठेवून आधी कमरेचा आकडा बघू. तोच तुम्ही दिलेला नाही.

पँटचा नंबर म्हणजे कंबर नव्हे. पोट सुटलेला माणूस पँट पोटाच्या खाली बांधतो. शिवाय तयार कपड्यांवरचे नंबर बरेचदा सैल असतात. खरं माप असं घ्या. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खायच्या आधी, उघड्या अंगानं सरळ उभं राहा. दोन पायांत वीतभर अंतर ठेवा. कुशीला शेवटची बरगडी बोटानं चाचपा, मग खाली कमरेच्या हाडाची वरची कड चाचपा. या दोहोंच्या बरोबर मधे पेनानं खूण करा. टेप त्या खुणेवरून जमिनीला समांतर फिरवा. पाठीमागं ती हमखास खाली घसरते, म्हणून घरातल्या कुणाला तरी धरायला सांगा. टेप अंगाला टेकलेली असावी, रुतलेली नको. नेहमीसारखा श्वास सोडा आणि तेव्हाचा आकडा लिहा. पोट आत ओढून घेतलेलं माप कुणाच्याच उपयोगाचं नाही. दोनदा मोजा. एक सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा मोजा. घरातली शिवणकामाची जुनी टेप ताणून लांबलेली असते, तेव्हा आधी ती पट्टीला लावून बघा.

आपल्याकडच्या पुरुषांसाठी ९० सेंटीमीटर आणि बायकांसाठी ८० सेंटीमीटर ही धोक्याची रेषा मानतात. दुसरा सोपा हिशेब म्हणजे कंबर उंचीच्या निम्म्याच्या आत हवी. तुमच्या उंचीला निम्मे म्हणजे ८४. तुमची पँटच ३६ इंची, म्हणजे ९१ सेंटीमीटर आहे आणि ती पोटाखाली बसते. खरं माप त्याहून दोन-तीन इंच जास्त भरलं तर नवल वाटून घेऊ नका.

आता पोट चिमटीत धरून बघा. चिमटीत येते ती कातडीखालची चरबी. तुमच्या वर्णनावरून ती थोडी असेल आणि तिच्यामागं पोट टणक लागेल. त्याचा अर्थ पोटाच्या स्नायूंच्या भिंतीमागं, आतड्यांभोवती, ओमेंटम नावाच्या पडद्यात चरबी साठली आहे. खरा त्रास हिचा. गरजेपेक्षा जास्त आलेलं अन्न शरीर आधी कातडीखालच्या कोठारांत भरतं. ती कोठारं भरली, किंवा मुळातच लहान असली, की उरलेलं पोटात, यकृतात, स्नायूंत जाऊन बसतं. आतड्यांभोवतीच्या चरबीतून सुटणारी स्निग्धाम्लं पोर्टल व्हेन या रक्तवाहिनीतून थेट यकृतात उतरतात. यकृतात चरबी मुरते, इन्शुलिनला ते दाद देईनासं होतं आणि रात्रभर रक्तात साखर सोडत राहतं. तुमची उपाशीपोटीची १०९ इथून आली. तेच यकृत जादा चरबी बांधून रक्तात पाठवतं, तिचं नाव ट्रायग्लिसराइड. ते वाढलं की एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, घसरतं. म्हणजे फॅटी लिव्हर, साखर, ट्रायग्लिसराइड आणि एचडीएल हे तुमच्या रिपोर्टमधले चार बिघाड म्हणजे चार आजार नाहीत. मूळ एकच आहे.

दारू न पिता लिव्हरला चरबी कशी, हा प्रश्न तुमच्यासारखे कितीतरी लोक विचारतात आणि काहींना तर घरच्यांच्या संशयाला तोंड द्यावं लागतं. जादा साखर आणि पिष्ट यांची चरबी यकृत स्वतः तयार करतं. त्याला दारू लागत नाही.

‘वजन फार नाही’ हेही पुरतं खरं नाही. तुमचा बीएमआय, म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, २४.४ येतो. युरोपीय माणसासाठी २५ ही मर्यादा आहे, आपल्यासाठी २३. कारण सारख्याच बीएमआयला आपल्या अंगात चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच आकडे छापले होते. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. याज्ञिकांच्या पुण्याजवळच्या खेड्यांतल्या अभ्यासात हे जन्मापासूनच दिसलं. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. तरी आपल्या बाळांत कमी होते ते मुख्यतः स्नायू, चरबी फारशी कमी नव्हती. म्हणून हातपाय काटकुळे आणि पोट नगाऱ्यासारखं, ही ठेवण आपल्याकडे इतकी दिसते. तिला ‘खात्यापित्या घरचं लक्षण’ म्हणणं आता सोडायला हवं.

तुमचे रिपोर्ट आणखी नीट वाचू. कंबर ९० च्या वर, ट्रायग्लिसराइड १५० किंवा वर, पुरुषांत एचडीएल ४० च्या खाली, उपाशीपोटी साखर १०० किंवा वर, रक्तदाब १३० / ८५ किंवा वर. या पाचांतले तीन जमले की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. हृदयविकार आणि मधुमेह या दोन्हींचा रस्ता तिथून जातो. कंबर धरून तुमचे चार जमले आहेत आणि पाचवा तुम्ही लिहिलेलाच नाही. रक्तदाब या आठवड्यात मोजा. पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून मोजा. अर्धा तास आधी चहा नको. सरकारी आरोग्य केंद्रांत तिशीवरच्यांचा रक्तदाब आणि साखर मोफत तपासतात. सोबत एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी, करून घ्या. ५.७ ते ६.४ आला तर मधुमेहाच्या उंबरठ्यावर, ६.५ किंवा वर आला तर मधुमेह.

यकृताच्या ‘ग्रेड १’ वर फार भर देऊ नका. हा ग्रेड चरबी किती दिसते ते सांगतो. यकृतावर व्रण किती पडलेत ते सांगत नाही, आणि पुढचा धोका व्रणांवर ठरतो. त्यासाठी एफआयबी-४ हा हिशेब आहे आणि तो तुमच्याच आकड्यांवर होतो. एसजीओटी आणि एसजीपीटी ही यकृताची एन्झाइम. वय गुणिले एसजीओटी, म्हणजे ४६ × ३८ = १७४८. त्याला भागायचं प्लेटलेट हजारांत गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ यानं, म्हणजे २४० × ७.८१ = १८७४. उत्तर ०.९३. ते १.३ च्या खाली असलं की व्रणांची शक्यता कमी. तुमच्या पत्रातली ही सगळ्यात चांगली बातमी आहे. यकृत अजून पूर्ववत होऊ शकतं. हा आकडा १.३ च्या वर असता तर फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी, करायला सांगितलं असतं.

पट्टा काढून टाका. तो घाम काढतो, घामानं पाणी जातं आणि दोन तांबे पाणी प्यायलं की परत येतं. आवळून बांधलेला पट्टा जेवणानंतर पोटावर दाब आणून आंबट ढेकरा मात्र वाढवतो. क्रंचेसनं पोटाचे स्नायू बळकट होतात, त्यांच्या मागची चरबी त्यानं जळत नाही. शरीर चरबी काढतं ती सगळीकडून, आपण हलवलेल्या जागेवरून नव्हे. बाहेरून पोट कमी केल्यानं काय होतं याचा एक कठोर पुरावा २००४ मध्येच अमेरिकेत मिळाला. लठ्ठ बायकांच्या पोटाच्या कातडीखालची सुमारे दहा किलो चरबी शस्त्रक्रियेनं ओढून काढली. दहा-बारा आठवड्यांनी तपासलं तर साखर, इन्शुलिन, रक्तदाब, ट्रायग्लिसराइड जिथल्या तिथं. आतली चरबी आत राहिली होती. मध-लिंबानंही चरबी वितळत नाही. मधाचा एक मोठा चमचा म्हणजे साठेक किलोकॅलरी साखरच.

आणि गूळ. कोल्हापूरच्या गुळाचा अभिमान जरूर बाळगा, पण यकृताला गूळ आणि साखर यांत फरक कळत नाही. गुळात बहुतेक सगळी साखरच असते, किंचित खनिजं जास्त. पाच चहांत प्रत्येकी आठ-दहा ग्रॅम धरला तरी दिवसाचा ४० ते ५० ग्रॅम होतो. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर शक्यतो दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते, त्यात मध आणि गूळही आले. चहा दोनवर आणा, कप लहान घ्या आणि दर आठवड्याला गूळ थोडा थोडा कमी करा. दोन-तीन आठवड्यांत जिभेला सवय होते. एकदम बंद केला तर लोक बहुधा चौथ्या दिवशी पुन्हा सुरू करतात. भट्टीजवळच्या उकाड्यात बाटलीबंद थंड पेय घेत असाल तर ते आधी तोडा. तीनशे मिलिलिटरच्या बाटलीत तीसेक ग्रॅम साखर असते. ताक किंवा मीठ-लिंबू पाणी घ्या, साखर न घालता.

म्हशीच्या दुधाबद्दल कोल्हापुरात बोलणं अवघड आहे, तरी बोलतो. गंगावेशीत धारोष्ण दूध पिणाऱ्या पैलवानाला ते पचायचं, कारण तो पहाटेपासून शेकड्यांनी जोर-बैठका मारायचा. तालीम सुटली, दूध सुटलं नाही. अर्धा लिटर म्हशीच्या दुधात तीस-पस्तीस ग्रॅम स्निग्धांश आणि पाचशेच्या आसपास किलोकॅलरी येतात. दूध पूर्ण सोडायची गरज नाही, त्यातली प्रथिनं तुम्हाला हवी आहेत. पाव लिटरवर या, तापवून साय काढा किंवा ३ टक्के स्निग्धांशाचं टोन्ड घ्या. त्याचं घरी दही लावलं तर आणखी चांगलं. चहा आणि दूध या दोनच बदलांनी दिवसाच्या तीनशेहून जास्त किलोकॅलरी कमी होतात. एवढ्यात बऱ्याच लोकांचं काम निम्मं होतं, म्हणून या दोन गोष्टी आधी.

मटण बंद करू नका. तुमचा रिपोर्ट मटणापेक्षा पिठाकडे आणि साखरेकडे बोट दाखवतो. आठवड्यातून दोनदा, शिजलेलं शंभर-सव्वाशे ग्रॅम, हे तुम्हाला चालतं. मात्र ताटाकडे नीट बघा. खाणावळीत पांढरा रस्सा वाटीमागून वाटी येतो. त्यात नारळाचं दूध, काजू, तीळ, खसखस असते, आणि त्याबरोबर भाकरी संपते, मग भात येतो. पोट वाढवतं ते हे सोबतचं. पांढरा एक वाटी, तांबडा एक वाटी, एक भाकरी, कांदा-काकडी-मुळा भरपूर आणि भात नाही. घरी करताना अळणी, म्हणजे मसाल्याआधीचं मटण शिजवलेलं पाणी, गार करून फ्रीजमध्ये ठेवा. वर पांढरी चरबी थिजते ती चमच्यानं काढून टाका आणि मग मसाला घाला. चवीत फरक कळतही नाही.

रोजच्या जेवणात एक नियम पाळा. भाकरी-चपाती किंवा भात, एका वेळी दोन्ही नाही. एक मध्यम भाकरी किंवा दोन चपात्या. ताटाचा निम्मा भाग भाजी आणि कोशिंबिरीनं भरा. दोन्ही वेळेला घट्ट उसळ, डाळ, अंडी, दही, मासे किंवा चिकन यांतलं काहीतरी वाटीभर असायलाच हवं. तुमच्या वजनाला दिवसाला साठ-सत्तर ग्रॅम प्रथिनं लागतात. दोन अंड्यांत बारा-तेरा ग्रॅम, शंभर ग्रॅम शिजलेल्या मटणात पंचवीसेक, घट्ट मटकीच्या वाटीत सात-आठ. प्रथिनं कमी ठेवून नुसतं जेवण कमी केलं तर स्नायू झडतात. तुमच्याकडे ते आधीच कमी आहेत. मग वजन उतरतं आणि पोट तसंच राहतं. कडक उपास आणि संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी, हा प्रकार त्यातलाच.

मिसळ आठवड्यातून एकदा खा. मटकी जास्त घालायला सांगा, फरसाण मूठभरच, वरचा तेलाचा कट बाजूला, ब्रेडच्या दोन स्लाइस आणि तिथंच थांबा. फरसाण शंभर ग्रॅमला साडेपाचशेच्या आसपास किलोकॅलरी देतं. टीव्हीसमोर बसून भडंग आणि शेव किती खाल्ली हे कुणालाच सांगता येत नाही, म्हणून ती वाटीत काढून घ्या, पुडा हातात घेऊ नका. घरातलं तेल डब्यावरून मोजा. चौघांच्या घरात १५ किलोचा डबा सहा महिने पुरायला हवा. तुमच्याकडे तो तीन-चार महिन्यांत संपत असेल तर गळती फोडणीत आहे.

व्यायामात तुमची जुनी तालीम कामाला येते. आठवड्याला किमान १५० मिनिटं झपाझप चाला. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतकी गती हवी. रंकाळ्यावर किंवा विद्यापीठाच्या आवारात गप्पा मारत रेंगाळणं यात धरू नका. दोन्ही जेवणांनंतर दहा-पंधरा मिनिटांचं चालणं वेगळं ठेवा. जेवणानंतर चढणारी साखर त्यानं खाली राहते. आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड, बैठका आणि जोर. पण वीस वर्षांपूर्वीच्या आकड्यांनी सुरुवात करू नका. लोक पहिल्याच दिवशी शंभर बैठका मारतात आणि गुडघा धरून बसतात. पहिले दोन आठवडे दहा बैठकांचे दोन फेरे, गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर बसून-उठून. जोर आधी भिंतीला हात टेकून, मग कॉटच्या कडेवर, मग जमिनीवर. श्वास कोंडू नका, त्यानं रक्तदाब उसळतो. रक्तदाब १६० / १०० च्या वर निघाला किंवा चालताना छातीत दाटून आलं, तर आधी डॉक्टर, मग व्यायाम. नियमित व्यायामानं वजन न हलताही आतली चरबी कमी होते. म्हणून काटा हलला नाही तरी टेप लावत राहा.

रात्रपाळीचा आठवडा हा तुमचा सगळ्यात कच्चा दुवा आहे. रात्री शरीर साखर नीट हाताळत नाही आणि झोप मोडली की भूक वाढते. मुख्य जेवण आठच्या सुमारास, कामावर जायच्या आधी घरी करा. दोन वाजता वडा-ब्रेड नको. फुटाणे, उकडलेली दोन अंडी किंवा दही पुरे. शेवटचा चहा पाळी सुटायच्या चार-पाच तास आधी. घरी आल्यावर थोडंसं खाऊन खिडकीला जाड पडदा लावा आणि सलग सहा-सात तास झोपा. घरच्यांना एक विचारा: झोपेत जोरात घोरता का, मधेच श्वास थांबून दचकून उठता का? तसं असेल आणि दिवसा डुलक्या येत असतील तर ते डॉक्टरांना सांगा. स्लीप ॲप्निया पोटाच्या चरबीबरोबर येतो आणि रक्तदाब वर ठेवतो.

ध्येय मोठं ठेवू नका. तुमच्यासारख्या मध्यम वजनाच्या माणसात यकृतातली चरबी हटायला बरेचदा ३ ते ५ टक्के घट पुरते. ६९ किलोवर ती २ ते साडेतीन किलो होते. आठवड्याला अर्ध्या किलोपेक्षा जास्त उतरवायची घाई करू नका. फार झपाट्यानं वजन उतरलं तर पित्ताशयात खडे होतात. एका किलोमागं कंबर साधारण एक सेंटीमीटर कमी होते. माप पंधरा दिवसांतून एकदाच घ्या, रोज घेतलं तर पाण्याचाच चढउतार दिसतो. सुरुवातीच्या किलोंत आतली चरबी बाहेरच्यापेक्षा झपाट्यानं जाते. म्हणून आरशात फरक दिसायच्या आधी रिपोर्टमध्ये दिसतो.

तीन महिन्यांनी, दहा-बारा तास उपाशी राहून, लिपिड, साखर, एचबीएवनसी आणि एसजीपीटी पुन्हा करा. सोनोग्राफीला सहा महिने थांबलं तरी चालेल. वजन उतरवायच्या पुड्या, ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्या घेऊ नका. त्यांनी यकृताला इजा झाल्याची उदाहरणं आहेत. ‘लिव्हर टॉनिक’वरचे पैसे वाचवून अंडी आणा. डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन दिलं तर फॅटी लिव्हर आहे म्हणून ते नाकारू नका, तुमच्या अवस्थेत ते चालतं.

काही लक्षणं मात्र चरबीची नसतात. काही आठवड्यांत पोट फुगून आलं, पायावर सूज आली, डोळे पिवळे झाले, हातपाय आणखी वाळत असताना पोट वाढत गेलं, किंवा बेंबीजवळ दुखरा फुगवटा आला, तर तीन महिन्यांची वाट बघू नका, त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. पहिल्या भेटीला जाताना कमरेचं माप, तीन वेगवेगळ्या दिवसांचा रक्तदाब, आईला मधुमेह कितव्या वर्षी झाला ते आणि हा सगळा रिपोर्ट एका कागदावर लिहून न्या.